पंचवीस घरांचे वर्ष

वाचन-बिंगो हा पाच आडव्या आणि पाच उभ्या रांगांचा तक्ता असतो. त्याच्या पंचवीस घरांत पुस्तकांची नावे नसतात, पुस्तकांचे प्रकार असतात: एखादे आत्मचरित्र, एखादा कवितासंग्रह, वाचणारीच्या जन्माआधी छापलेले एखादे पुस्तक. पुस्तक वाचून झाले की घरावर खूण करायची. पाच खुणांची सलग रांग, उभी, आडवी किंवा तिरपी, जुळली की एक डाव पुरा होतो, आणि वर्षअखेरीपर्यंत सगळा तक्ता भरला की पूर्ण घर. महाराष्ट्रातल्या भिश्यांमधून आणि हळदीकुंकवांमधून खेळली जाणारी हाउजी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा खेळ लगेच समजतो. फरक इतकाच की इथे आकडा पुकारणारे कोणी नसते. पुढचे घर कोणते, हे वाचणारी स्वतः ठरवते.

तक्त्यातली सगळी पुस्तके स्त्रियांचीच असावीत, असे ठरवले की खेळाला दिशा मिळते. तालुक्याच्या गावच्या वाचनालयात ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’ आणि ‘ययाति’ यांच्या प्रती हाताळून मऊ झालेल्या असतात, आणि स्त्रियांची पुस्तके बहुधा आत्मचरित्रांच्या फळीवर किंवा पाककृतींच्या शेजारी सापडतात. मान देण्याची रीतही फारशी वेगळी नाही. १८७८ मधल्या पहिल्या संमेलनापासून २०२५ च्या दिल्ली संमेलनापर्यंत ९८ अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने झाली आणि त्यांत अध्यक्षपदी स्त्रिया आल्या सहा: कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. एक वर्ष केवळ स्त्रियांचेच वाचायचे, हा नियम म्हणून कडक वाटत नाही. उलट, तो पाळायला बसले की पंचवीस घरे अपुरी पडतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरच्या वाचकांसाठी असा तक्ता आखताना सुरुवात जवळून करावी. मराठीतली आद्य कवयित्री महदंबा तेराव्या शतकातली, आणि तिचे ‘धवळे’ रचले गेले ते अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा, या अन्यायावर थेट बोट ठेवणारी ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली लिहिली ती बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष कुसुमावती देशपांडे अमरावतीत जन्मल्या आणि नागपुरात शिकवत राहिल्या. नागपूरच्याच कुमुद पावडे संस्कृतच्या प्राध्यापक झाल्या आणि त्यासाठी काय सोसावे लागले ते ‘अंतःस्फोट’मध्ये सांगून गेल्या. आशा बगे यांच्या ‘भूमी’ला २००६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विदर्भाची वेस न ओलांडता एक आडवी रांग भरते, आणि मराठी साहित्य म्हणजे पुणे-मुंबई हा लहानपणापासून मनात बसलेला समज त्या रांगेतच ढिला होतो.

त्याहून जवळचीही पुस्तके आहेत. चिमूरला लागून असलेल्या वरोरा तालुक्यात आनंदवन आहे, आणि साधना आमटे यांचे ‘समिधा’ त्या माळरानावर संसार कसा उभा राहिला ते सांगते. नायकाशेजारी उभ्या राहिलेल्या बाईचे नव्हे, त्या कामातला निम्मा भार वाहिलेल्या बाईचे ते पुस्तक आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था १९८६ पासून काम करते. तिच्या संस्थापकांपैकी एक, डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि बहुतेकींनी त्यावर कधी उपचार घेतलेला नव्हता. त्याच डॉक्टरांनी ‘गोईण’ लिहिले. त्यात रानातली झाडे आहेत आणि त्या झाडांशी आयुष्य बांधलेल्या बाया आहेत. मोह कुठे फुलतो आणि कोणत्या पाल्याची भाजी कधी खुडायची हे आधीच जाणणाऱ्या वाचकाला हे पुस्तक वाचताना शब्दकोश लागत नाही. पुस्तकाबाबत असे सुख या भागातल्या वाचकाच्या वाट्याला क्वचित येते, म्हणून ‘गोईण’ला तक्त्यात राखीव घर द्यावे. गोंडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या उषाकिरण आत्राम यांच्या कवितेलाही तसेच घर हवे.

वर्ष कसे वाटायचे, हा आखणीतला सर्वांत नाजूक भाग. मधले घर वेगळ्या कामासाठी बाजूला ठेवले तर चोवीस पुस्तके उरतात, म्हणजे महिन्याला दोन. कागदावर हा हिशेब सोपा आहे, पण धानाच्या मुलखात सगळे महिने सारखे नसतात. तक्ता अंगणवाडी सेविकेने घेतला, शिक्षिकेने घेतला किंवा बारावीच्या मुलीने घेतला, तरी घरची बांधी कोणाला चुकत नाही. म्हणून वर्ष ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला सुरू करावे. धान चुरून घरात आलेले असते, रात्री थंड आणि लांब असतात, आणि ‘स्मृतिचित्रे’सारखे मोठे पुस्तक याच दिवसांत निभते. लक्ष्मीबाई टिळकांचे ते आत्मकथन १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाले, आणि आजही त्यातली बोली मोठ्याने वाचली की ऐकणारे सरकून जवळ बसतात. माघात बालाजीची घोडायात्रा भरते. चिमुरात घरोघरी पाहुणे येतात, चूल दिवसभर विझत नाही. तेव्हा कविता बरी. बहिणाबाई चौधरींची गाणी किंवा इंदिरा संतांचा ‘शेला’ पोळ्या लाटता लाटताही मनात घोळवता येतात.

मार्च-एप्रिलात मोह गळतो आणि बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. ताडोब्याच्या कडेच्या गावांत त्या वाटेवर वाघाचे भय खरे असते, आणि घरी राहिलेल्यांचे कान दाराकडे लागलेले असतात. पाठोपाठ मे महिन्यात तेंदूपत्ता येतो: सकाळी तोडणी, मग पुडे बांधणे, मग फडावर मोजणी. या दोन हंगामांत वाचनाला मिळते ती फक्त दुपार, ती पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेली, दारे लावून घेतलेली दुपार. शाळेला सुट्टी असल्यामुळे पोरे घरात असतात. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ किंवा शांता शेळके यांनी मराठीत आणलेले ‘चौघीजणी’ या दिवसांत ठेवले तर एक घर आई आणि मुले मिळून भरतात. मंगला नारळीकर यांचे ‘गणितगप्पा’ही इथेच शोभते, कारण स्त्रियांनी लिहिलेले म्हणजे कथा-कविताच, ही समजूत मुलांच्या मनात शिरण्याआधीच अडवलेली बरी.

जूनमध्ये पऱ्हे टाकले जातात आणि जुलै-ऑगस्टात रोवणी. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून काम केलेल्या बाईला रात्री पुस्तक उघड म्हणणे निर्दयपणाचे आहे. या दोन महिन्यांत तक्त्यावर पुस्तकाचे एकही घर ठेवू नये. त्यांची भरपाई जानेवारी-फेब्रुवारीत आणि दिवाळीनंतर करावी. पोळा आणि गणपती उरकले की दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ घ्यावे. ते महिन्या-महिन्याने चालते, त्यामुळे एका दमात संपवण्याची गरज नाही. कापणी आणि दिवाळी एकमेकींच्या मागे येतात. तेव्हा दिवाळी अंकातली स्त्रियांची कथा पुरे. त्यानंतर मंडया भरतात, आणि झाडीपट्टीची नाटके वडसा-देसाईगंजाहून निघून गावोगाव रात्रभर रंगतात. नाटकाचे घर याच हंगामात हवे. ज्योती म्हापसेकर यांचे १९८३ चे ‘मुलगी झाली हो’ चार-पाच जणींनी भूमिका वाटून घेऊन वाचले तर ते वाचन राहत नाही, प्रयोग होतो. हिराबाई पेडणेकर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी संगीत नाटके लिहिली, हेही तेव्हा सांगता येते. झाडीपट्टीच्या रंगमंचावर बाई आज सर्रास दिसते, पण नाटक लिहिणारी बाई अजूनही विरळच.

प्रकार ठरवताना दोन टोके टाळावी लागतात. ‘कादंबरी’ एवढेच लिहिले तर घर आपोआप भरते आणि काही नवे वाचले जात नाही. ‘चंबळच्या खोऱ्यावर बाईने लिहिलेले पुस्तक’ असे लिहिले तर गीता साने यांच्या पुस्तकाशिवाय वाट उरत नाही. मधली वाट म्हणजे ज्या प्रकारात तीन-चार पुस्तके बसतात आणि ती शोधावी लागतात. ‘टोपणनावाने लिहिलेले’ हा असा प्रकार आहे: विभावरी शिरूरकर यांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये आले तेव्हा खवळलेल्या वाचकांना लेखिका कोण हे माहीत नव्हते, आणि ते नाव मालतीबाई बेडेकरांचे, हे कळायला काळ जावा लागला. ‘कारभारी बाई’ हा दुसरा: कविता महाजनांची ‘ब्र’ २००५ ची, आणि ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असलेल्या राज्यात ती कादंबरी कोणत्याही गावाला परकी नाही. अनुवादाचे घर वाद निर्माण करते. उमा कुलकर्णी यांनी कन्नडमधून मराठीत आणलेली भैरप्पांची कादंबरी तिथे चालावी का? चालू नये. तिच्या जागी अनुवादिकेचे स्वतःचे ‘संवादु अनुवादु’ घ्यावे, कारण दुसऱ्याच्या पुस्तकामागे वर्षानुवर्षे उभी राहिलेली बाई त्यात स्वतः बोलते.

मग येते घरांची मांडणी, आणि तिच्यात थोडे गणित आहे. पाच बाय पाचच्या तक्त्यात बारा रांगा जुळू शकतात: पाच आडव्या, पाच उभ्या, दोन तिरप्या. मधले घर चार रांगांत मोजले जाते, तिरप्या रेषांवरची बाकीची आठ घरे प्रत्येकी तीन रांगांत, आणि उरलेली सोळा प्रत्येकी दोन रांगांत. शिवाय डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंतची पाच घरे अशी आहेत की प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या रांगेत त्यांपैकी एक येतेच. दुसरी तिरपी रेषाही त्यांना मधल्या घरात छेदते. म्हणजे या पाच घरांत जे ठेवले जाईल ते वगळून कोणालाही एकही डाव जिंकता येणार नाही. वाचायला जड जातात, अंगावर येतात आणि म्हणून नेहमी पुढच्या वर्षावर ढकलली जातात अशी पुस्तके नेमकी इथे ठेवावीत. पहिल्या घरात एकोणिसाव्या शतकातली लेखणी: सावित्रीबाईंची १८५४ ची ‘काव्यफुले’ किंवा मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या विद्यार्थिनीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा, १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त आलेला निबंध. दुसऱ्यात दलित स्त्रीचे आत्मकथन: शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ किंवा ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’. चौथ्यात आदिवासी स्त्रीचे लेखन, मग ती नजूबाई गावितांची ‘तृष्णा’ असो की उषाकिरण आत्राम यांची कविता. पाचव्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या मातीतले ‘गोईण’ किंवा ‘समिधा’. काठाच्या घरांत हलकी, गोड, चटकन संपणारी पुस्तके खुशाल असावीत.

मधले, तिसरे घर छापील पुस्तकासाठी नाही. नेहमीच्या बिंगोत ते फुकट मिळते. चिमूरच्या तक्त्यात ते कधीही न छापल्या गेलेल्या बाईचे आहे. रोवणीच्या वेळी बांधीत म्हटली जाणारी गाणी, जात्यावरच्या ओव्या, एखाद्या आजीने सांगितलेली पुराची, दुष्काळाची किंवा लग्नाची हकिकत ऐकून, उतरवून घेऊन, म्हणणारीचे नाव तिला विचारूनच लिहून ठेवले की हे घर भरते. पुस्तकाविना गेलेले जुलै-ऑगस्ट इथे कामी येतात, कारण गाणी चिखलातच म्हटली जातात. याला आणखी एक कारण आहे, आणि ते चिमूरचे स्वतःचे आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, इथे गाव पेटून उठले. मग फौज आली आणि चिमूरच्या स्त्रियांवर अत्याचार झाले. त्या अत्याचारांच्या चौकशीसाठी सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केले. शहीद झालेल्यांची नावे गाव दरवर्षी घेते. त्या बायांनी काय पाहिले, कसे दिवस काढले, हे मात्र बहुतांशी इतरांच्याच शब्दांत उरले. तेव्हाच्या स्त्रियांच्या लेकी आणि नाती आज गावात आहेत. त्यांना जे सांगावेसे वाटेल तेवढेच, त्यांच्याच बोलीत, कोणतीही घाई न करता लिहून घेणे हे या घराचे काम आहे.

पुस्तके मिळवण्याची वाट लांबची आहे. नागपूर आणि चंद्रपूर दोन्ही शंभरेक किलोमीटरवर. म्हणून चोवीस पुस्तके एकटीने विकत घेण्यापेक्षा पुस्तक भिशी सोपी. बारा जणी, प्रत्येकीची वर्षात दोन पुस्तके, पंधरवड्याने एकेक प्रत पुढच्या हाती. शासनमान्य वाचनालयाकडे मागणीची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी द्यावी, म्हणजे ग्रंथखरेदीच्या वेळी ती ग्रंथपालाच्या हाताशी असते. जुन्या लेखिकांची अडचण त्याहून कमी: लेखिकेच्या निधनाला साठ वर्षे उलटली की स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे सावित्रीबाई, ताराबाई शिंदे, रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक यांचे मूळ लेखन मोबाइलवरही मोकळेपणाने वाचता येते.

खूण कधी करायची याचे नियम थोडके असावेत. एक पुस्तक एकाच घरात धरावे. अर्धवट सोडलेले पुस्तक धरू नये, मात्र का सोडले हे भिशीत सांगावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कोणी पुस्तक वाचून दाखवले तर दोघींच्याही तक्त्यावर खूण व्हावी: सासूने ऐकले तेही वाचलेच. वर्ष संपताना पूर्ण घर फार थोड्या जणींचे होते आणि त्यात काही बिघडत नाही. रिकामी राहिलेली घरे पुढच्या तक्त्यात त्याच जागी ठेवावीत, भरलेल्या घरांचे प्रकार बदलावेत, फिरलेल्या प्रती वाचनालयात जमा कराव्यात आणि मधल्या घरातल्या वह्यांची एकेक प्रत त्यांच्या शेजारी ठेवावी.