एकेरी जलप्रवास

संत फ्रान्सिस झेविअर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. मायदेशी ते पुन्हा कधीच परतले नाहीत. त्यांचा जलप्रवास खरोखरीच एकेरी ठरला.

आजही युरोपातील मोठ्या प्रवासी बोटी एकेरी सफरीस निघतात. कारण मात्र व्यवहाराचे असते. उन्हाळाभर भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या या बोटी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गारठा पडू लागला, की अटलांटिक ओलांडून उबदार कॅरिबियन समुद्राकडे जातात व एप्रिल-मेमध्ये माघारी येतात. बोट रिकामी नेण्यापेक्षा थोड्या भाड्यात उतारू नेणे कंपनीस परवडते. म्हणून बार्सिलोनाहून मायामीपर्यंतच्या सुमारे दोन आठवड्यांच्या प्रवासाचे रोजचे भाडे पुष्कळदा इतर सफरींहून कमी पडते. खोली व नेहमीचे जेवण त्यातच येते.

फातिमा किंवा लूर्दची यात्रा करून पुढे अमेरिकेतील लेकाकडे जाऊ इच्छिणाऱ्या मातापित्यांना ही वाट सोयीची आहे. मादेइरा बेट मागे पडले, की कित्येक दिवस केवळ पाणी आणि आकाश! बोट पश्चिमेस जाते, तसतशी घड्याळे मागे सारावी लागतात. काही दिवस चक्क पंचवीस तासांचे होतात. जपमाळेसाठी याहून निवांत वेळ कोठे मिळणार?

कंपन्यांच्या संकेतस्थळांवर अशा सफरी 'रिपोझिशनिंग' किंवा 'ट्रान्सअटलांटिक' या नावाने शोधाव्यात, अथवा बोटीची तिकिटे काढून देणाऱ्या अनुभवी प्रवास-संस्थेस विचारावे. परंतु स्वस्त भाडे पाहून घाईने पैसे भरू नयेत. बंदरकर, नोकरवर्गाची बक्षिसी, विमा, बंदरावरील मुक्काम आणि परतीचे विमान यांची बेरीज आधी करावी. एकट्या उतारूस पुष्कळदा जवळजवळ दोघांचे भाडे पडते. शेंगेन व अमेरिका या दोन्ही व्हिसांवाचून बोटीवर पाऊल ठेवता येणार नाही. अमेरिकेच्या व्हिसासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागू शकते. तेव्हा व्हिसा आधी, पैसे नंतर! मार्गही बदलू शकतो: २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर अनेक बोटींना वाट बदलावी लागली. म्हणून प्रवास रद्द झाल्यास पैसे कसे परत मिळतात, हे वाचूनच सही करावी.

आणखी एक गोष्ट. अशा बोटींवर आपल्या गोव्याची कितीतरी मुले घरापासून महिनोन्‌महिने दूर राबत असतात. वाढप्याशी आपुलकीचे दोन शब्द बोलावेत, जपमाळेत त्याच्या आईचेही स्मरण करावे. आपली सफर एकेरी असली, तरी तो परतीचे दिवस मोजीत असतो.