चाकांवरचे बिऱ्हाड

परदेशात पोटाची सोय कोठेही होते. खरी पंचाईत असते पाठ टेकण्याची. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आम्ही उभयता चूल-बिछान्यासह भाड्याच्या मोटारीतून हिंडलो, तेव्हा दिवस कलला की रोज एकच प्रश्न : आज मुक्काम कोठे?

रत्नागिरीजवळच्या आमच्या मिरजोळ्यात पूर्वी अनोळखी वाटसरूलाही पडवी मोकळी असे. तेथे या पडवीलाही कायदा आहे! 2011 साली, रग्बीच्या विश्वचषकाला पाहुणे लोटण्याआधी तो झाला. 2023 साली आणखी कडक झाला. नगरपालिकेच्या जागेत फुकट राहायचे, तर एरवी गाडीत पक्का बसवलेला संडास हवा. तीन दिवसांचे पाणी आणि सांडपाणी गाडीतच मावायला हवे. सांडपाणी ओतायचे तेही नेमल्या ठिकाणीच.

आओराकी पर्वताच्या पायथ्याशी, व्हाइट हॉर्स हिलच्या सरकारी तळावर आम्ही पैसे भरून राहिलो. तेथला काळोखसुद्धा 2012 सालापासून राखीव! दिवे मालवले आणि चांदण्या थेट खिडकीशी आल्या. सकाळी शेजारच्या गाडीतले आजोबा, आदल्या कोणा प्रवाशाने टाकलेला कागद उचलून खिशात घालताना दिसले. कायद्याचे सारे कलम त्या खिशात होते.

महाराष्ट्र शासनानेही 2021 साली कॅराव्हॅन-पर्यटनाचे धोरण आखले आहे. उद्या आरे-वारेच्या किनाऱ्यावर अशी बिऱ्हाडे उतरली, तर त्यांचे स्वागतच करावे. फक्त जागा दाखवण्याआधी गाडीत संडास आहे का, ते विचारावे. प्रश्न जरा असभ्य खरा. पण समुद्राच्या हिताचा आहे.