मुरलेली ताकद

बडोद्याच्या वाडी भागातल्या आमच्या घरात सकाळ उजाडायची ती आजोबांच्या जोरांनी. ओसरीवर पंजे टेकून ते संथपणे जोर काढत. अंग घामाने निथळे, पण श्वास कधी चढत नसे. त्यांचं शरीर घडलं दांडिया बाजारात, प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात. तिथे ताकदही कमावली जाई आणि निखळलेलं हाडही बसवलं जाई. म्हणूनच असेल, आजोबा म्हणत, "ताकद कमावता येते रे, पण ती अंगात मुरावी लागते."

वाडीहून लक्ष्मीविलास राजवाडा जवळच. त्याच्या आवारात महाराजा प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९३०च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फचं मैदान करवून घेतलं. परवा तिथे एक तरुण चेंडू मारताना दिसला. खुबे आधी फिरले, खांदे मागे राहिले, आणि मधली कंबर क्षणभर धुणं पिळावं तशी पिळली गेली. चेंडू दूर झाडांपलीकडे गेला. मुलाचा हात मात्र नकळत पाठीच्या कण्याकडे गेला. मला आजोबांची आठवण झाली.

आजचा गोल्फ या पिळावरच उभा आहे. टायगर वुड्सने या खेळात पिळदार अंग आणलं आणि पुढे २०१७ पर्यंत त्याच्याच पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या. त्या वर्षी, चौथ्या वेळी, मणके जोडावे लागले. दोन वर्षांनी, ४३व्या वर्षी, तो मास्टर्स जिंकला तेव्हा डोळे भरून आले. ब्रायसन डिशॅम्बोने भराभर वजन वाढवून २०२०ची यूएस ओपन जिंकली. मग दुखापती आल्या, त्याने वजन उतरवलं, आणि २०२४ साली तीच स्पर्धा पुन्हा जिंकली.

यात दोष व्यायामाचा नाही. फिल मिकल्सन २०२१ साली पीजीए चॅम्पियनशिप जिंकला तेव्हा ५० वर्षांचा होता. जपलेल्या शरीराशिवाय हे घडत नाही. व्यायाम खेळाडूचं आयुष्य वाढवतो, घाई ते खाते. स्नायू काही महिन्यांत फुगतात, पण मणका, सांधे आणि कंडरा त्यांच्या मागून सावकाश चालत येतात. त्यांची वाट न पाहता मारलेला प्रत्येक लांब फटका म्हणजे उद्याच्या शरीरातून केलेली उचल.

तुमच्या घरातलं पोर जोर काढू लागलं, तर किती काढले हे नंतर विचारा. आधी विचारा, काल काढलेले अंगात मुरले का?