परत येणारा पेपर

परीक्षेइतकी बदनाम गोष्ट आपल्या समाजात क्वचितच सापडेल. तिच्या नावाने बोटे मोडणारे पुष्कळ. तिच्यावाचून चालवून दाखवणारे विरळा. पण परीक्षांच्या या कुळातली एक परीक्षा मला फार दिवसांपासून आवडते. ती म्हणजे खऱ्या परीक्षेच्या आधीची परीक्षा. आपली दहावी-बारावीची मुले तिला 'प्रिलिम' म्हणतात. तिचे गुण बोर्डाच्या गुणपत्रिकेवर येत नाहीत, तिच्यासाठी कोणी पेढे वाटत नाही. लग्नघरात राबणाऱ्या मावशीसारखी ती साऱ्या कार्याला पुरते आणि फोटोत मात्र कुठे दिसत नाही.

माझ्या भाचीचा मुलगा न्यू जर्सीत अकरावीत आहे. तिकडेही अशी एक मावशी असल्याचे त्याच्याकडून कळले. अमेरिकेत महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी १९२६ पासून 'एसएटी' नावाची परीक्षा आहे, आणि १९५९ पासून तिची पूर्वपरीक्षा, 'पीएसएटी'. ऑक्टोबरात, आपल्या दिवाळीच्या सुमारास, देशभर ती होते. दोन तास चौदा मिनिटे. वाचन-लेखन आणि गणित असे दोनच भाग. गुण ३२० ते १५२०. चुकलेल्या उत्तराबद्दल गुण कापत नाहीत, आणि महाविद्यालये हे गुण पाहतही नाहीत.

मग ती द्यायची कशाला? हा प्रश्न पुष्कळ पालक विचारतात, आणि तो अगदीच गैर नाही. एक उत्तर असे की, सगळ्यांना एकच माप लावल्याने आपण कुठे उभे आहोत हे कळते. शाळेचा पेपर शाळेच्याच बाई काढतात. त्यात पहिला येणारा मुलगा तालुक्यात कितवा, हे त्यालाही ठाऊक नसते आणि बाईंनाही. आडगावच्या शाळेतल्या हुशार मुलीला आपण हुशार आहोत हे सांगणारे कोणी भेटतेच असे नाही. प्रमाणित चाचणी ते सांगते, आणि तिचे नाव-गाव न विचारता सांगते. हे मोल मी कमी लेखणार नाही.

पण मला मोह आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. बोर्डाचा पेपर लिहून झाला की तो जातो तो जातोच. पुढे रीतसर अर्ज करून, पैसे भरून छायाप्रत मागवता येते, पण ती मागवायची ती गुणांसाठी भांडायला. प्रिलिमचा पेपर मात्र तांबड्या शाईसकट मुलाच्या हातात परत येतो. खरी परीक्षा निकाल देते; पूर्वपरीक्षा आपल्याशी बोलते.

एका वर्षी एका मुलीला प्रिलिममध्ये गणितात २८ गुण मिळाले. घरी ठरले, हिला गणित जमत नाही. मी तो पेपर तिला समोर बसवून ओळीओळीने वाचला. रीत सगळीकडे बरोबर होती. प्रश्नातला ३ वहीत उतरताना ८ झाला होता. वरच्या ओळीतला ६ खालच्या ओळीत ० झाला होता. मुलीचे गणित कच्चे नव्हते, डोळे कच्चे होते. आठवड्यात चष्मा आला, आणि मार्चमध्ये ती त्याच विषयात चांगल्या गुणांनी पास झाली. २८ हा आकडा हे सांगू शकला नसता. तो पेपरच सांगू शकला.

गंमत अशी की, अमेरिकेतही वर्षानुवर्षे पीएसएटीची प्रश्नपुस्तिका निकालाबरोबर मुलांना परत मिळत असे. २०२३ च्या शरद ऋतूपासून ही परीक्षा संगणकावर आली. आता पहिल्या टप्प्यातल्या उत्तरांवरून दुसऱ्या टप्प्यातले प्रश्न सोपे की अवघड ते ठरते. निकाल लवकर लागतो, कोणत्या भागात किती बळ आहे याचा तक्ताही मिळतो; पण प्रश्न परत मिळत नाहीत. त्यात १९७१ पासून राष्ट्रीय गुणवत्ता शिष्यवृत्तीची पहिली चाळणी याच परीक्षेशी जोडलेली. अकरावीच्या लाखो मुलांतून सुमारे सोळा हजार मुले उपांत्य फेरीत जातात. बक्षीस आले की तालमीचा प्रयोग होतो. मग तालमीसाठी शिकवण्या लागतात, आणि तालमीत चुकण्याची मुलांना भीती वाटू लागते. हे केवळ तिकडचेच आहे असे नाही. प्रिलिमच्या गुणांवरून मुलाचा निकाल आधीच लावून टाकणारी घरे आपल्याकडेही पुष्कळ आहेत.

चुकण्याची जागा राखून ठेवणे हेच पूर्वपरीक्षेचे काम. नाटकाच्या तालमीत नट अडखळला तर दिग्दर्शक त्याला थांबवतो, तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावतो. प्रयोगात कोणी थांबवत नाही. तेथे प्रेक्षक फक्त पाहतात. ज्या मुलाला तालीमच मिळाली नाही, किंवा तालमीलाच प्रयोग समजून जो घाबरला, त्याचे नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

दिवाळीची सुट्टी संपली की घरोघरी प्रिलिमचे वारे वाहू लागेल. पेपर परत आल्यावर 'किती मिळाले?' हे आपण विचारणारच; तो मनुष्यस्वभाव आहे. पण त्यानंतर लगेच 'कुठे अडले?' असेही विचारावे, आणि पेपर मांडीवर घेऊन मुलाशेजारी बसावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदावरच्या कोपऱ्यात असते. दुसऱ्याचे शोधायला एक संध्याकाळ लागते.