दोघांचे मिळून दोन हात

संध्याकाळी साडेसातला आमच्या घरातून टुंगटुंग आवाज सुरू झाला की शेजारच्या ताई दारातून डोकावायच्या. "जयभीम ताई, नातवाला लावलंय वाटतं शिकायला?" पहिले आठ दिवस आम्ही हसून वेळ मारून नेली. शेवटी एकदाचे सांगून टाकले, "नातू नाही हो, आम्ही दोघंच शिकतोय." ताई तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांचेही चूक नव्हते. आमच्यातल्या एकाचे वय सदुसष्ट, दुसरीचे बासष्ट. या वयात माणसे गुडघ्याला तेल लावतात, पियानोच्या पट्ट्यांना हात लावत नाहीत.

पियानो म्हटले तरी तो खरा पियानो नव्हे. विजेवर चालणारा एकसष्ट पट्ट्यांचा की-बोर्ड, तोही जुना. लेकीने तिच्या मुलासाठी घेतला होता. दोन महिन्यांत पोराचे मन क्रिकेटकडे गेले आणि वाद्य आमच्या कपाटावर येऊन पडले. पण वाचक भगिनींनो, ही गोष्ट त्या की-बोर्डपासून सुरू होत नाही. ती एका पाटापासून सुरू होते.

१९९६ साली आमची लेक सहावीत होती. तिच्या शाळेच्या हॉलमध्ये एक पियानो होता. प्रार्थनेच्या वेळी बाई वाजवत आणि ही पोर पहिल्या रांगेत उभी राहून त्यांच्या बोटांकडे बघत बसे. एक दिवस तिने कर्कटकाने आमच्या जेवायच्या पाटावर रेघा ओढल्या. पांढऱ्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये कोळशाने काळ्या. आणि त्या मुक्या पाटावर ती बोटे नाचवू लागली. तोंडाने सूर आणि बोटाने रेघ. आम्ही कामावरून दमून आलो होतो. सासूबाईंच्या वेळचा शिसवी पाट खराब केला म्हणून आम्ही तिला मारले. वर बोललोही, "पाटावर वाजवून पोट भरतं का?" ती रडली नाही. तिने पाट पुसून भिंतीला लावून ठेवला. कोळसा गेला, रेघा राहिल्या.

पुढच्याच वर्षी ह्यांचा हात गेला. एका लहानशा वर्कशॉपमध्ये हे पॉवर प्रेसवर होते. डाव्या हाताने पत्रा सरकवायचा, उजव्याने तयार माल काढायचा, पायाने पेडल दाबायचे. रात्रपाळीला झोपेची एक डुलकी लागली आणि उजव्या हाताचे अंगठ्याशेजारचे बोट आणि मधले बोट मुळापासून गेले. मालकाने दवाखान्याचा खर्च दिला आणि घरी बसायला सांगितले. आम्ही शिलाई मशीन घेतले, ब्लाउज शिवले, घर चालवले. लेक शिकली, नर्स झाली. तिने पुन्हा कधी पियानोचे नाव काढले नाही, आणि ह्यांनी पुन्हा कधी उजवा हात चार माणसांत बाहेर काढला नाही. लग्नकार्यात हात खिशात, फोटो काढताना पाठीमागे. सव्वीस-सत्तावीस वर्षे आम्ही हे बघत आलो.

दोन वर्षांमागे पावसाळ्यात कपाट ओले होते म्हणून सगळे सामान खाली उतरवले. त्यात तो की-बोर्ड निघाला. चालतो का बघावे म्हणून बटण दाबले, तर चालू होता. ह्यांनी डाव्या हाताच्या बोटाने एक पट्टी दाबली. सूर निघाला तसा हात झटकन मागे घेतला, जणू कोणी ओरडेल. मग पुन्हा दाबली.

आमच्या वस्तीत गायन पार्टीत की-बोर्ड वाजवणारा एक मुलगा आहे. त्याला बोलावले. तो म्हणाला, "काकू, घाबरायचं नाही. काळ्या पट्ट्या बघा. दोनाचा जोड, तिनाचा जोड, परत दोनाचा, परत तिनाचा. दोनाच्या जोडाच्या डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे आपला सा. तिथून नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर चालत गेलात की सा रे ग म प ध नी, सगळे शुद्ध सूर." आम्ही चकित झालो. ज्याला आपण साहेबांचे वाद्य समजत होतो त्याच्या पट्ट्यांची मांडणी आपल्या पेटीसारखीच निघाली. फरक एवढाच की पेटीला एक हात भात्याला लागतो. इथे दोन्ही हात पट्ट्यांवर.

खऱ्या पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असतात, बावन्न पांढऱ्या आणि छत्तीस काळ्या. पट्टी दाबली की आतली नमद्याची हातोडी तारेवर आपटते. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने सुमारे १७०० साली तो पहिल्यांदा बनवला. हळू दाबले तर हळू आवाज, जोरात दाबले तर मोठा, ही त्याची करामत. तो राजघराण्याच्या पदरी असला तरी हाताने काम करणारा माणूस होता, हे ऐकून ह्यांना बरे वाटले. "म्हणजे फिटरच की," हे म्हणाले.

पहिला महिना फक्त पाच सुरांत गेला. अंगठा म्हणजे एक नंबर, करंगळी म्हणजे पाच. उजव्या हाताचा अंगठा सा वर ठेवला की रे, ग, म, प या पट्ट्यांवर बाकीची बोटे आपोआप येतात. हात हलवायचाच नाही. बोटे सपाट ठेवायची नाहीत, भाकरीचा गोळा मुठीत धरल्यासारखी गोल ठेवायची. नखे कापायची. कोपर पट्ट्यांच्या बरोबरीला यायला हवे म्हणून आम्ही लोखंडी खुर्च्यांवर गोधड्यांच्या घड्या ठेवल्या. की-बोर्ड ठेवला शिलाई मशीनवर, वर फळी टाकून.

सोपे दिसते तेवढे ते सोपे नाही. तिसऱ्या बोटाला सांगावे तर चौथे उठते. करंगळीला तर जीवच नसतो. एका हाताचे जमले म्हणून दुसरा लावावा तर पहिला विसरतो. मुलगा म्हणाला, "आधी एकेक हात वेगळा बसवा, मग जोडा." तिथे आमचे घोडे अडले. ह्यांना उजवा हात नाही आणि आम्हाला डावा वळत नाही. मग ह्यांनीच तोड काढली. "तू उजवीकडे बस, मी डावीकडे. दोघांचे मिळून दोन हात होतातच की."

तेव्हापासून असेच चालले आहे. सुरावट आमच्याकडे, साथ ह्यांच्याकडे. डाव्या हाताची करंगळी खालच्या सा वर, अंगठा प वर. चार मात्रा सा धरायचा, सूर कानाला टोचला की प वर जायचे. दोनच सूर, पण त्यांच्याने आमच्या तुटक सुरावटीखाली जमीन येते.

वाद्यात ठोका देणारे एक बटण आहे, त्याला मेट्रोनोम म्हणतात. साठ आकडा लावला की सेकंदाला एक ठोका. तो पहिल्यांदा लावला तेव्हा ह्यांचा चेहरा उतरला. "बंद कर. प्रेससारखा वाजतो." आम्ही बंद केला आणि पायाने ताल धरू लागलो. तीन आठवड्यांनी एका रात्री ह्यांनीच ते बटण दाबले. आम्ही बघत राहिलो, तर म्हणाले, "राहू दे चालू. हा ठोका बोट मागत नाही."

पहिली धून बसवली ती लहान मुलांच्या चांदणीच्या इंग्रजी गाण्याची. ती चाल मुळात फ्रान्समधली आहे आणि मोझार्टने १७८०च्या सुमारास तिच्यावर बारा प्रकार रचले, असे लेकीने मोबाइलवर वाचून सांगितले. तिच्यात सा वरून एकदम प वर उडी आहे आणि पुढे ध साठी हात सरकवावा लागतो. तिथे आम्ही पंधरा दिवस अडखळलो. दुसरी धून बेथोव्हेनची, १८२४ सालच्या नवव्या सिंफनीतली. तिची पहिली ओळ शेजारच्या पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर चालते, कुठे उडी नाही. ती रचली तेव्हा त्याला ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. लेकीने आणखी एक सांगितले. व्हिएन्नाचा पॉल विट्गेनश्टाइन हा पियानोवादक पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावून बसला. त्याच्यासाठी राव्हेल या फ्रेंच संगीतकाराने १९२९-३० मध्ये केवळ डाव्या हाताने वाजवायची मोठी रचना केली. हे ऐकून हे बराच वेळ गप्प बसले. आणि बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते हे तर आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मग आम्हीच वयाची सबब का सांगावी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत लेक आली. आम्ही दोघे खुर्च्यांवर बसलो. सुरावट दोनदा चुकली, तिसऱ्यांदा पूर्ण झाली. ह्यांचा उजवा हात या वेळी खिशात नव्हता. फळीच्या कडेवर सगळ्यांसमोर उघडा ठेवलेला होता आणि उरलेली बोटे ताल देत होती. नातू म्हणाला, "आजोबा, मस्त!" लेक काहीच बोलली नाही.

जेवायला बसताना आम्ही तोच पाट मांडला. तिने रेघांवरून बोट फिरवले. आम्ही म्हणालो, "बाळ, त्या दिवशी आम्ही तुला मारायला नको होतं." एवढे शब्द ओठांवर यायला आम्हाला अठ्ठावीस वर्षे लागली. ती म्हणाली, "आई, रेघा मी चुकीच्या काढल्या होत्या. सगळीकडे दोनाचेच जोड काढले होते." आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

रात्री भांडी झाल्यावर ती आमच्या खुर्चीवर येऊन बसली. चाळिशीची बाई, रात्रपाळ्या करून थकलेली. "आई, पहिलं बोट कुठं ठेवायचं?" आम्ही तिचा अंगठा धरून सा वर ठेवला.

भगिनींनो, आमचे वादन कोणी तिकीट काढून ऐकावे असे नाही. पुऱ्या सप्तकात म वर जाताना अंगठा बोटांखालून काढायचा असतो, तो अजून अडकतो. पण रोज पंधरा मिनिटे बसलो तर बोटे वळतात, रविवारी एकदम दोन तास बसून वळत नाहीत, एवढे अनुभवाने सांगू शकतो. आणि आणखी एक. घरातले पोर पाटावर, डब्यावर, भिंतीवर बोटे नाचवताना दिसले, तर लगेच हात उगारू नका. वाद्य घेऊन द्यायची ऐपत नसेल तर नसू दे. जवळ बसून विचारा, "काय वाजवतोस रे?" तेवढे तर आपल्याला परवडते.