पेन्सिलीने लिहिलेली नावं

दादांच्या ट्रंकेतून दोन गोष्टी माझ्या वाट्याला आल्या. एक, भाता फाटलेली बाजाची पेटी. दुसरं, लाल कापडी बांधणीचं रजिस्टर. त्याचे रकाने दादांनी स्वतः पट्टी लावून आखले होते: तारीख, नाव, आईबापाचं नाव, गाव, बाप्तिस्मा कोणी दिला. जातीचा रकाना नाही. शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत जी गोष्ट माणसाच्या आधी पोचते, तिला या एका वहीत जागा नव्हती. दादा म्हणायचे, "एवढं एक पान तरी कोरं राहू दे."

दादा, म्हणजे माझे वडील, पाळक. बाडबिस्तरा सोलापुरात, पण महिन्यातले दोन रविवार नळदुर्गचे. एसटीने यायचे आणि पुढची वाडी-वस्ती सायकलवर. उपासना किल्ल्याच्या बाजूला एका पत्र्याच्या खोलीत व्हायची. पावसाळ्यात बोरी भरून आली की सगळं गाव नर-मादी धबधबे बघायला पाणीमहालाकडे पळायचं आणि दादांचा संदेश ऐकायला आम्ही घरचे तेवढे उरायचो. आल्यावर 'सलाम', जाताना 'सलाम'. आता पोरं 'प्रेज द लॉर्ड' म्हणतात आणि पाळकसाहेबांचा 'पास्टर' झालाय. मला तो शब्द अजून नवाच वाटतो. पेटीच्या जागी कीबोर्ड आला, त्याचं मात्र काही वाटत नाही. आमची पेटी तशीही सुरात नव्हती.

दान मुठीचं असायचं. बायका दळणाला बसायच्या आधी ज्वारीची एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकत आणि महिन्याला ते गाडगं खोलीत आणून रिकामं करत. त्या ज्वारीवर आमच्या भाकरी झाल्या, हे मी लपवत नाही. आज दानाच्या पेटीवर क्यूआर कोडचा कागद चिकटवलाय. मुठीला नाव नसायचं. मोबाईलवरच्या दानाला नाव असतं, आणि काही घरांना नेमकं तेच नको असतं. ती माणसं अजून नोटेची घडी करून टाकतात. नाव नको असण्याचं कारण त्या लाल वहीशीच येऊन भिडतं.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा हक्क हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेरच आहेत. महाराष्ट्रात त्यांना इतर मागासवर्गात जागा आहे, पण ती वेगळी रांग. आमच्या वस्तीत याचा अर्थ अगदी घरगुती होता. एका आजोबांचे दोन नातू. एकाच्या बापाने बाबासाहेबांबरोबर धम्म स्वीकारला, दुसऱ्याच्या बापाने प्रभूचं नाव घेतलं. दोघांचं आडनाव एक, विहिरीवर दोघांना मिळालेली वागणूक एक, शाळेतला मागचा कोपरा एक. फॉर्म भरायच्या दिवशी मात्र दोघे वेगळे निघाले.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा गणगोत तुटलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त ते सगळं मांडलंय आणि आमच्या घरी ते पुस्तक पवित्र शास्त्राच्या शेजारीच असायचं. पण टिळक ब्राह्मण होते. त्यांच्याकडे सोडण्यासारखं होतं, ते त्यांनी सोडलं. आमच्या लोकांकडे सोडायला काय होतं? स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा हातात काही पडलं, ते म्हणजे सवलत. तेच सोडा म्हणायचं, हा दादांपुढचा पेच.

वर्ष १९७८ की ७९, नक्की आठवत नाही. ओट्यावर एक बाई बसली होती. थोरला पोरगा दहावीला, फी माफ. "बाप्तिस्मा द्या की पाळकसाहेब, पर लिवू नका. पोराचं शिक्षान हुईस्तोर." दादांनी तिला नाही म्हटलं. न लिहिता बाप्तिस्मा देणं म्हणजे चोरून देणं, असं त्यांचं म्हणणं. ती उठून गेली. रात्री आई भाकरी थापता थापता म्हणाली, "प्रभूला वाचायला तुमचं रजिस्टर लागतं व्हय?" दादा काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी बोरीच्या पाण्यात त्यांनी त्या बाईला बाप्तिस्मा दिला, आणि घरी येऊन माझ्या दप्तरातली पेन्सिल मागून घेतली.

त्या पानानंतर रजिस्टरात शाईच्या ओळींमध्ये पेन्सिलीच्या ओळी दिसतात. मी मोजल्या नाहीत. मोजाव्याशा वाटल्या नाहीत.

दादांनी केलं ते बरोबर होतं का? मला वाटतं, नव्हतं. पण त्यांच्या जागी दुसरं बरोबर असं कोणतं होतं, तेही मला सांगता येत नाही. तडजोडीच्या बाबतीत आमचं गाव जुनं आहे. इथला खंडोबासुद्धा एकट्या नळदुर्गाचा नाही, वर्षाचे महिने वाटून घेऊन अणदूरलाही राहतो आणि दोन्ही गावं त्याचा रीतसर लेखी करार करतात. पौषातल्या जत्रेचं ताट शेजारून आलं की आमच्याकडे करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय निघायचा, मूर्तीला दाखवलेलं खावं की न खावं. अध्याय वाचून होईपर्यंत ताट निम्मं झालेलं असे.

नाताळातही अर्धी मंडळी गावात नसायची, अजूनही नसते. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, आणि फडावर रविवार नसतो. दादा ट्रॅक्टर निघायच्या आदल्या रात्री प्रार्थना घेत. आताचा पाळक व्हिडिओ कॉल लावतो. पाचटाच्या ढिगापुढे टोपडं घातलेलं एखादं बाळ दिसतं आणि रेंज जाते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा पट्टा कोसळला तेव्हा दादा निवृत्त होते. तरी आमच्या तरुणांबरोबर ब्लँकेटं घेऊन निघाले आणि निघताना एकच अट घातली, गाडीत शास्त्र न्यायचं नाही. पोरं चिडली. बहात्तरच्या दुष्काळात मदतीच्या मिलो ज्वारीसाठी धर्म बदलल्याचे टोमणे दादांनी ऐकले होते, पोरांनी नव्हते. आज अशी मदत द्यायची झाली तर शास्त्राआधी मोबाईल घरी ठेवा म्हणावं लागेल. कोण कुठून चित्रण करील आणि काय नाव देईल, सांगता येत नाही.

हल्ली घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "व्हॅलिडिटी होऊ दे, मग बाप्तिस्मा बघू." अनुसूचित जातीच्या पडताळणीला १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. निजामाच्या काळातले कागद शोधत लोक तहसिलीच्या चकरा मारतात. चौकशीला कोणी येणार असं कळलं की भिंतीवरचा प्रभूचा फोटो उतरतो आणि त्याच खिळ्यावर दिनदर्शिका लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला. त्यात तिच्या बाप्तिस्म्याची नोंद पुराव्यात होती. म्हणजे पाळकाची वही आता कोर्टात साक्षीला उभी राहते. २०२२ मध्ये केंद्राने के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला. आमचा तरुण पाळक आयोगासाठी कशाला थांबतो? तो रजिस्टरच ठेवत नाही. दादांची पेन्सिल तरी होती.

गेल्या उन्हाळ्यात ती ओट्यावरची बाई वारली. ऐंशीच्या पुढची होती. मला माझ्या मातीत ठेवा, जाळू नका, असं मुलांना सांगून गेली. दफनभूमीच्या लोकांनी मंडळीतली नोंद मागितली. चूक त्यांचीही नाही, जागा मोजकी. पाळकाकडे कागद नव्हता. तो नातवाला घेऊन माझ्याकडे आला. मी लाल वही काढली आणि खिडकीपाशी नेली. पेन्सिल इतकी पुसट झाली होती की पान तिरकं धरल्यावर दाबाची रेघ दिसली. नाव होतं. बोरी नदी, असंही लिहिलं होतं.

पाळकाने मोबाईलवर फोटो घेतला. मग खिशातलं पेन काढून म्हणाला, "काका, शाईने गिरवून ठेवू का? परत कधी लागलं तर."

नातू दारात उभा होता. म्हणाला, "काका, पुढच्या महिन्यात माझी व्हॅलिडिटी आहे."

पाळकाने पेनाला टोपण लावलं.