देवाचा गळा

नात सुट्टीला आली की तिचा मोबाईल माझ्या हातात येतो. परवा म्हणाली, "आज्जी, ही बाई बघ की. तुला आवडंल."

बघितलं तर इंग्लंडात मँचेस्टरचं एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन. साल १९६४. पाऊस पडून फलाट ओला झालेला. पलीकडच्या फलाटावर तरुण गोरी पोरं-पोरी दाटीवाटीनं बसलेली. अलीकडे घोडागाडीतून एक काळी बाई उतरते, पन्नाशीला टेकलेली. अंगात जाड कोट, पायात उंच टाचा. पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवते आणि पाऊस पडलेला म्हणूनच की काय, नोहाच्या प्रलयाचं भजन सुरू करते. भजनच ते! पण गिटार अशी कडाडते की पोरं टाळ्यांचा ठेका धरून डुलायला लागतात.

सिस्टर रोझेटा थार्प तिचं नाव. जन्म १९१५चा, अमेरिकेत अर्कान्सासमधल्या कॉटन प्लांट गावचा. आई मँडोलीन वाजवत गावोगाव धर्म सांगत फिरायची, आणि ही चिमुरडी तिच्याबरोबर गिटार घेऊन. तिथल्या धर्मभोळ्या लोकांत ब्लूज म्हणजे सैतानाचं संगीत. दारूच्या गुत्त्यातलं, देवळाबाहेरचं. आता गंमत अशी की रोझेटा जी भजनं म्हणायची त्यातली काही रचणारा टॉमस डॉर्सी आधी ब्लूजचाच पियानोवाला होता. म्हणजे ताल एकच. देऊळ कुठं संपतं आणि गुत्ता कुठं सुरू होतो, हे गाणाऱ्याला कळत नाही, ऐकणाऱ्याला मात्र बरोबर कळतं.

आमच्याकडं तरी वेगळं काय आहे? दशलक्षणात बस्तीत आरतीला निम्मी भजनं सिनेमाच्या चालीवरची. कुणालाही पाप लागत नाही. चाल आत आली तर पावन, गळा बाहेर गेला तर बाटला.

हे मी उगीच म्हणत नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तालुक्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यांनी माझं भजन ऐकून विचारायला माणूस पाठवला, शनिवारचे कार्यक्रम, नेऊन-आणून सोडतो म्हणाले. मामंजी नाही म्हणाले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी बस्तीतले एक जाणते ओसरीवर येऊन बसले. "देवाचा गळा हाय वैनी, बाजारात कशाला नेतासा?" चहा पिऊन गेले. मी "व्हय" म्हणून आत आले. झालं, एवढंच.

रोझेटालाही तिच्या लोकांनी हेच सांगितलं असणार. १९३८ साली ती न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात गायला उभी राहिली आणि त्याच वर्षी डेका कंपनीनं तिच्या तबकड्या काढल्या. भजन नाइट क्लबात म्हणते म्हणून चर्चची माणसं खवळली. पण तिनं ना क्लब सोडला ना देव. १९४४ साली तिनं एक भजन बूगी-वूगी पियानोच्या साथीनं रेकॉर्ड केलं. पुढच्या वर्षी ते काळ्या लोकांच्या तबकड्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. रॉक अँड रोलची पहिली तबकडी हीच, असं मानणारे जाणकार आहेत. त्यावेळी एल्विस प्रेस्ली दहा वर्षांचा पोर होता. जॉनी कॅशनं मोठेपणी मानाच्या व्यासपीठावरून तिचं नाव घेतलं. लिटल रिचर्डला तर तिनंच १९४७ मध्ये आपल्या कार्यक्रमात गायला लावलं, चौदा वर्षांचा असताना.

तिच्या लग्नाची गोष्ट नातीनं सांगितली तेव्हा मी पोट धरून हसले. हे तिचं तिसरं लग्न, १९५१ साली, वॉशिंग्टनला बेसबॉलच्या मैदानात. तिकीट लावून! वीस हजारांवर माणसं. आणि लग्न लागल्यावर नवरी लग्नाच्याच पोशाखात गिटार वाजवतेय. आमच्या लग्नात मान वर केली तरी आत्या चिमटा काढायच्या.

शेवट मात्र ऐकवत नाही. मधुमेहानं पाय कापावा लागला, तरी गात राहिली. १९७३ साली फिलाडेल्फियात वारली. तिच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. पस्तीस वर्षांनी चाहत्यांनी जलसा करून पैसे जमवले, तेव्हा कुठं दगड बसला. रॉक अँड रोलच्या हॉल ऑफ फेममध्ये एल्विस, चक बेरी, लिटल रिचर्ड १९८६च्या पहिल्याच पंगतीला बसले. हिचं पान मांडलं गेलं २०१८ला. लेकरं आधी जेवून उठली, मग आईला हाक.

नातीनं विचारलं, "आज्जी, तू पण गायचीस नव्हं?"

"बस्तीत," म्हटलं.

"मग बाहेर का नाही?"

काय सांगणार? ओसरी सांगू, की चहा सांगू? तो माणूसही वाईट नव्हता. माझ्या बाळंतपणात मध्यरात्री बैलगाडी त्यानंच जुंपली होती.

नातीला म्हटलं, ते घोडागाडीतून उतरण्याचं परत लाव. ओल्या फलाटावर तोल सांभाळत, हात पसरून, हसत ती पुढं येते. गाणं अजून सुरू व्हायचंय. तेवढंच मी चार वेळा बघितलं.